बोअर क्रमांक सदतीस

रात्री अकराला शाल्मली विचारते,
आई, ज्वालामुखीचा धूर काळा रंगवू की करडा?
थर्मोकोलचा शंकू तिच्या मांडीवर,
टोकाला अंगठ्याएवढं भोक,
ओट्यावर खाण्याचा सोडा, व्हिनेगर, लाल शाईची दौत.
उद्या कुंटे बाई मार्क देणार.

माझ्या नखांत अजून सदतीस नंबरचा चिखल.
दिवसभर मुठेच्या काठी, पत्र्याच्या शेडमध्ये
मी दगडाच्या कांड्या पेटीत मांडत होते,
मनगटाएवढ्या, ओल्या, गार,
कडेला खोली लिहीत : नऊ मीटर, साडेनऊ, दहा.
मशीन धोत्रे चालवतात.
त्यांच्या वडिलांनी वाघोलीच्या खाणीत छिन्नीने जे वाचलं
ते हे हिऱ्याच्या बिटाने वाचतात.
"हा काळा. हा मांजऱ्या. हा नुसताच डबर."
माझ्या पुस्तकांत या तिघांची नावं जरा लांब आहेत,
एवढाच फरक.

शंकू ठेव बाजूला, मी म्हणते.
शंकू नाही तर ज्वालामुखी कसला?
मग मी गॅसवर साखरेचा पाक ठेवते.
वरचे आपटे काय म्हणायचं ते म्हणोत.

बघ, एकतारी झाला. ओत ताटात.
पळाला ना?
असा पातळ रस वर आला की डोंगर उंच होत नाही, ऐसपैस होतो,
पालथ्या घातलेल्या परातीसारखा.
थांब, आटू दे अजून. आता गोळीबंद.
हा हलायला तयार नाही. नरड्यात अडकतो,
खाली वाफ कोंडत राहते, कोंडत राहते,
आणि एक दिवस डोंगराचं टाळकं उडतं.
मग राख, त्यावर रस, पुन्हा राख, पुन्हा रस,
असा थराथरांनी चढतो तुझा तो देखणा शंकू.
आणि नुसते निखारे थुंकून थुंकून
रस्त्याकडेच्या खडीसारखा जो ढीग साचतो
तो बुटका. माणसाच्या एका आयुष्यात
जन्मून विझूनही जाऊ शकतो.

"आणि आपला?"

पाक खाली लागतो. मी गॅस बंद करते.
आपल्याला टोक नव्हतंच गं.
जमीन उसवली,
ब्लाउजची शिवण जावी तशी, कोसच्या कोस,
आणि रस उतू आला.
धिरड्यावर धिरडं. खालचं निवेपर्यंत वरचं.
सिंहगडाच्या कड्याला लांबून ज्या पायऱ्या दिसतात
त्या या धिरड्यांच्या कडा.
साडेसहा कोटी वर्षं झाली.
मुठा नव्हती. तिने उतरावं असे डोंगरही नव्हते.

ती बराच वेळ फरशीकडे बघते.
मग थर्मोकोलच्या सपाट तुकड्याला
ब्लेडने एक लांब चीर देते.

दहापैकी सहा.
"बाई म्हणाल्या, डोंगर कुठंय?
मी म्हटलं, आपण उभ्या आहोत त्याच्यावर.
मग शाई टेबलावरून त्यांच्या पर्सवर गेली."

आज अठरा मीटरला धोत्रे मशीन थांबवतात.
"गेरू लागला, मॅडम."
वीतभर तांबडा थर, हाताला पिठासारखा.
एक रस थिजला, दुसरा यायचा होता,
मधे जमिनीला एवढी सवड मिळाली :
दगडाची माती झाली, पाऊस पडून गेला,
काहीतरी उगवलंही असेल, त्याला नाव द्यायला कुणी नव्हतं.
मग वरून पुढचा रस, आणि भट्टीतली वीट.
किती वर्षं असतील या वितीत, धोत्रे विचारतात.
हजारो, मी म्हणते. नक्की माहीत नाही.
ते चहा पितात. मीही पिते.

त्याच्याखालचा मांजऱ्या निघाला तो फुटूनच.
वाफेचा एक बुडबुडा, अडकून पडलेला,
आत सावकाश पाझरलेलं पाणी,
आणि पाण्याने मागे ठेवलेले पांढरे स्फटिक,
पंख्यासारखे उघडलेले.
धोत्रे तो तुकडा फडक्याने पुसतात,
इकडेतिकडे बघतात,
माझ्या डब्याच्या झाकणात ठेवतात.
"पोरीला द्या."

नमुना साइटबाहेर नेता येत नाही. नियम आहे.
मी रजिस्टर उघडते,
अठरा पूर्णांक तीनच्या पुढे लिहिते :
कांडी अपूर्ण. चार सेंटीमीटर मिळाले नाहीत.